बिघडलेल्या हवामानात गटाची सायकल टूर: कुठे थांबायचं, कसं चालवायचं

एकट्या सायकलस्वाराला पावसाने गाठलं तर तो आपल्या सोयीने थांबतो, कपडे बदलतो, वाटलं तर मागे फिरतो. दहाजणांच्या गटात हे इतकं सरळ राहत नाही, कारण एकच पाऊस प्रत्येकाला वेगळा लागतो. पुढे जोर काढणारा गरम असतो. त्याच्या आडोशाने येणारा गार पडत असतो. माथ्यावर आधी पोचलेला बाकीच्यांची वाट बघत कुडकुडतो, आणि सगळ्यात मागचा दमलेला गडी ‘माझ्यामुळे सगळे खोळंबतील’ म्हणून तोंड उघडत नाही. त्यामुळे रेनकोट कुठला आणि टायर कुठले याच्या आधी गटाने थांबण्याचे नियम ठरवायला हवेत.

निघण्याआधी ठरवायचं

सहा ते आठजणांची एक तुकडी करा. त्याहून मोठा गट पावसावाऱ्यात आपोआप फुटतो, आणि कुठे फुटला ते कुणालाच कळत नाही. प्रत्येक तुकडीत एकजण पुढे राहून रस्ता आणि वेग सांभाळेल, आणि एकजण कायम शेवटी राहील. शेवटचा माणूस अनुभवी आणि दमाचा हवा. प्रथमोपचाराची पेटी, मोठा पंप आणि दुरुस्तीचं सामान त्याच्याकडेच असावं, कारण अडचण जवळजवळ नेहमी मागेच येते. बाकीच्यांच्या जोड्या लावा. जोडीदाराचं काम एवढंच: दर अर्ध्या तासाला दुसऱ्याशी बोलायचं आणि त्याचं उत्तर नीट येतंय का ते बघायचं. नुसती मान हलवली तर ते उत्तर धरायचं नाही.

सगळ्यात महत्त्वाचा नियम असा: गट थांबवायला एकाचा शब्द पुरे, पुन्हा निघायला मात्र सगळ्यांचा होकार लागतो. हा नियम आदल्या रात्री मोठ्याने बोलून घ्या. भिजल्यावर आणि भूक लागल्यावर माणसं नीट विचार करत नाहीत, म्हणून मर्यादाही आधीच आकड्यांत लिहून ठेवा. उदाहरणार्थ:

- वाऱ्याचे झोत ताशी 60 किमीच्या वर गेले की सायकली बाजूला.
- वीज चमकल्यापासून 30 सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला की आडोसा शोधायचा.
- 100 मीटरपुढचं दिसेनासं झालं की रस्ता सोडायचा.
- एक थर वाढवूनही कुणाची थरथर दहा मिनिटांत थांबली नाही तर त्याच्यासाठी त्या दिवसाची सायकल संपली.

नकाशावर दर 20-25 किमीला पक्कं छप्पर असलेली एक जागा आणि तिथून गाडी मिळण्याची सोय खुणावून ठेवा. सपोर्ट गाडी असली तरी हे करा, कारण दरड कोसळली किंवा पूल पाण्याखाली गेला तर गाडी पलीकडे अडकू शकते.

अंदाज बघताना फक्त ‘पाऊस 60 टक्के’ एवढं पाहून थांबू नका. तासागणिक पावसाचे मिलिमीटर, वाऱ्याची दिशा, सरासरी वेग आणि झोतांचा वेग बघा. अंदाजातला वारा जमिनीपासून 10 मीटर उंचीवरचा असतो. उघड्या माळावरही सायकलस्वाराच्या उंचीला तो काहीसा कमी लागतो, झाडी-घरांत बराच कमी, आणि खिंडीत किंवा पुलावर मात्र अंदाजापेक्षा जास्त. मोबाइल हाताशी नसेल तर झाडं बघा: छोटी झाडं डोलताहेत म्हणजे वारा साधारण 30 ते 38 किमी, जाड फांद्या हलताहेत म्हणजे 39 ते 49, आणि झाडांच्या काटक्या मोडून पडताहेत म्हणजे 62 च्या पुढे. काटक्या पडू लागेपर्यंत सायकलवर असाल तर उशीर झाला आहे.

समोरचा वारा

हवेचा रोध तिच्या सापेक्ष वेगाच्या वर्गाने वाढतो. वारा नसताना सामानासह सपाटीवर ताशी 20 किमी जाणारा माणूस, तेवढ्याच ताकदीत, समोरून 20 किमीचा वारा लागला की 11-12 किमीवर येतो. म्हणजे 100 किमीच्या टप्प्याला पाच तासांऐवजी नऊच्या आसपास. दिवसाचा आराखडा करताना हा हिशोब आधीच मांडा: पाणी, खाणं आणि उजेड नऊ तासांना पुरतील का? नसतील तर टप्पा तोडा. वाऱ्याविरुद्ध वेग ‘भरून काढायला’ जाणं हा सर्वांत महागात पडणारा हट्ट आहे. वेगाकडे बघू नका, श्वासाकडे बघा. तुटक का होईना, बोलता येईल इतकाच जोर लावा.

एका ओळीत मागोमाग चालवलं तर मागच्यांचे कष्ट बरेच वाचतात. पुढे राहण्याची पाळी एक ते दोन मिनिटांची ठेवा. पाच मिनिटं पुढे राहणारा शूर वाटतो, पण तासाभराने तोच मागे पडतो. अशक्त माणसाने पुढे यायलाच हवं असं काही नाही. त्याला कायम तिसऱ्या-चौथ्या जागी ठेवलं तर पूर्ण गट लवकर पोचतो. पुढचा बाजूला झाला की नव्याने पुढे आलेल्याने वेग वाढवायचा नाही. ही चूक सर्रास होते: ताज्या दमाचा माणूस दोन किमीने वेग वाढवतो, नुकताच बाजूला झालेला थकलेला माणूस शेपटीला येईपर्यंत ओळ पुढे निघून जाते, आणि तिथेच गट तुटतो. पुढे येणाऱ्याने मीटर बघून आधीचाच वेग धरावा, आणि शेवटचा माणूस ‘आला’ म्हणून ओरडेपर्यंत तो बदलू नये.

वाऱ्यात आवाज पोचत नाही. हाताची खूण प्रत्येकाने मागे द्यायची. खड्डा, वळण, थांबा यांपैकी कुठलीच खूण मधल्या माणसाकडे अडकता कामा नये.

आडवा वारा

वारा डावीकडून येत असेल तर आडोसा थेट मागे मिळत नाही, मागे आणि उजवीकडे मिळतो. म्हणून तिरकी रांग लावतात. पुढून हटणारा वाऱ्याच्या बाजूने हटतो आणि मागे येतो. वाहतूक नसलेल्या रुंद रस्त्यावर तीन-चारजणांना ही रांग जमते. पाचव्याला जागा उरत नाही, तो कडेला वाऱ्यात लटकतो. त्यामुळे चार-चारच्या तुकड्या करा आणि दोन तुकड्यांत 50 ते 100 मीटर अंतर ठेवा. वाहतूक असेल तर तिरक्या रांगेचा विचारही नको. सरळ एक ओळ, सायकलींत दोन-तीन सायकलींइतकं अंतर, आणि आडोशाचा मोह सोडायचा. तिरक्या रांगेत पुढच्याचं मागचं चाक आणि मागच्याचं पुढचं चाक शेजारी येतात. झोत आला, चाकं घासली, की मागचा पडतो आणि पुढच्याला पत्ताही लागत नाही.

मोठी गाडी वाऱ्याच्या बाजूने ओलांडून जाते तेव्हा खरा धोका असतो. आपण नकळत वाऱ्याकडे झुकून चालवत असतो. गाडीने वारा क्षणभर अडवला की सायकल तिच्याच दिशेने ओढली जाते, आणि गाडी पुढे गेली की झोत पुन्हा आदळतो. कोपर वाकवा, पकड सैल ठेवा, अंग खाली घ्या, पेडल मारत राहा. हँडलबार घट्ट आवळला तर प्रत्येक झोत थेट पुढच्या चाकात उतरतो. उंच कडांची रिम (चाकाची बाहेरची कडी) पुढच्या चाकाला नको. पुढच्या पॅनियर (चाकाच्या दोन्ही बाजूंना लटकवायच्या बॅगा) लावल्या असतील तर त्या खालच्या बाजूला हव्या आणि दोन्हींच्या वजनात अर्ध्या किलोहून जास्त फरक नको. पोंचो, म्हणजे डोक्यातून घालायचा सैल रेनकोट, वाऱ्यात शिडासारखा फुगतो, तो बॅगेतच राहू द्या.

पाठीमागचा वारा सगळ्यांना आवडतो, पण उन्हाळ्यात तो फसवा असतो. वारा आणि आपण एकाच वेगाने गेलो की अंगाला हवाच लागत नाही, घाम सुकत नाही आणि शरीर तापतं.

पाऊस

बऱ्याच दिवसांनी पडलेल्या पावसाची पहिली पंधरा-वीस मिनिटं सगळ्यात निसरडी असतात, कारण रस्त्यावरचं तेल आणि धूळ पाण्यावर तरंगते. जमत असेल तर तेवढा वेळ आडोशाला थांबा. त्यानंतरही रंगवलेले पट्टे, लोखंडी झाकणं, पुलांचे सांधे आणि ओली पानं यांवर ना वळायचं ना ब्रेक लावायचा. रूळ जमेल तितके काटकोनात ओलांडा. रूळ तिरके असतील तर एकेकाने उतरून, सायकल हातात धरून जावं. गटाने एकदम ओलांडताना एक घसरला तर मागचे तीन त्याच्यावर येतात.

टायरची हवा नेहमीपेक्षा साधारण 10 टक्के कमी ठेवा. रिम ब्रेक (थेट रिमवर दाबणारे) ओले असताना पहिली काही चक्रं फक्त पाणी पुसण्यात जातात, पकड त्यानंतर येते. म्हणून वळणाच्या बरंच आधी ब्रेक हलकेच टेकवून रिम पुसून घ्या आणि मग दाबा. डिस्क ब्रेकला (चाकाच्या मध्यावरच्या चकतीवर दाबणारे) हा उशीर कमी लागतो, पण चिखलपाण्यात त्याचे मऊ रेझिन पॅड फार वेगाने झिजतात. डोंगरातल्या एका पावसाळी दिवसात नवी जोडी संपल्याची उदाहरणं आहेत. लांबच्या पावसाळी टूरला धातुमिश्रित पॅड घ्या आणि प्रत्येक सायकलमागे दोन जोड्या जादा. पॅडवरचा थर 1 मिमीच्या आसपास आला की बदला. गटात वेगवेगळ्या सायकली असतात आणि पॅडचा आकार प्रत्येक ब्रेकचा निराळा. म्हणून कुणाला कुठला पॅड, कुठली ट्यूब, कुठला व्हॉल्व्ह याची यादी निघण्यापूर्वी करा. ‘कुणाकडे तरी असेल’ या भरवशावर निघालेल्या गटात नेमकं हवं तेच नसतं.

दोन सायकलींतलं अंतर कोरड्यापेक्षा दुप्पट-तिप्पट ठेवा. मागच्या मडगार्डला जमिनीपासून चार बोटं उंचीपर्यंत येणारी रबरी पट्टी लावा. ती आपल्यासाठी नसते, मागच्याच्या तोंडासाठी असते. मडगार्ड नसलेल्याने ओळीत मागे राहावं. मागचे लाल दिवे सगळ्यांनी स्थिर ठेवायचे, लुकलुकता दिवा फक्त शेवटच्याचा. सगळ्यांचे लुकलुकले तर मागून येणाऱ्या चालकाला अंतर कळत नाही आणि गटातल्यांचे डोळे दुखतात.

पावसात पंक्चरही जास्त होतात. काचेचे बारीक तुकडे ओल्या टायरला चिकटतात आणि पाण्याचं वंगण मिळाल्यामुळे रबर सहज कापतात. ओल्या ट्यूबवर पॅच बसत नाही, म्हणून माणशी दोन कोऱ्या ट्यूब जवळ ठेवा आणि पॅचचं काम रात्री छपराखाली करा. ट्यूब बदलताना टायरच्या आतून बोट फिरवून काच काढायला विसरू नका. घाईत हे राहून जातं आणि दहा मिनिटांत तीच हवा पुन्हा जाते. एकाचं पंक्चर झालं की दोघे मदतीला थांबतील. बाकीच्यांनी पावसात घोळका करून उभं राहायचं नाही, पुढच्या छपराखाली जायचं.

डबक्याखाली खड्डा आहे असंच धरून चला. रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर ते ओलांडायचं नाही, खोली गुडघ्याएवढी दिसत असली तरी.

कपड्यांबद्दल एक गैरसमज काढून टाका: पाच तासांच्या पावसात कुठलंही जॅकेट कोरडं ठेवत नाही. बाहेरून पाणी आलं नाही तर आतून घाम येतो. कोरडं राहण्याचा नाद सोडा, गरम राहण्याचं बघा. अंगालगत लोकर किंवा सिंथेटिक हवं, सुती नको, कारण ओलं सुती कापड अंगातली ऊब ओढून घेतं. चढावर जॅकेटची चेन उघडी ठेवा. हेल्मेटखाली छोटी चोच असलेली टोपी घातली तर चष्म्यावर थेंब कमी येतात. एक पूर्ण कोरडा जोड, मोज्यांसह, जाड प्लास्टिकच्या पिशवीत तोंड गुंडाळून बंद ठेवा आणि तो मुक्कामाशिवाय बाहेर काढू नका. अपवाद एकच: कुणी गारठलं तर.

थंडी आणि उतार

उंचीनुसार हवा दर 1000 मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी गार होते. 10 अंश सेल्सिअसला ताशी 40 किमीने उतरताना उघड्या त्वचेला साधारण 6 अंशांसारखं लागतं, आणि 5 अंशांना उणे एकसारखं. हे कोरड्या अंगाचं गणित आहे. चढावर घामाने भिजून लगेच उतरणारा याहून खूप जास्त गारठतो.

इथेच ‘माथ्यावर भेटू’ हा गटाचा आवडता नियम घातक ठरतो. माथ्यावर वारा सर्वांत जास्त आणि आडोसा सर्वांत कमी असतो. पहिला आणि शेवटचा यांत चढावर अर्धा तास पडू शकतो, आणि तो अर्धा तास पहिल्याने घामेजलेल्या कपड्यांत काढायचा असतो. थंडीत भेटायची जागा माथ्याच्या आधीच्या आडोशाला किंवा उतार संपल्यावर छपराखाली ठरवा. माथ्यावर फक्त तीन मिनिटं: आतला ओला थर बदला, जॅकेट, पूर्ण बोटांचे हातमोजे आणि बुटांवरची आवरणं चढवा, तोंडात काहीतरी टाका आणि जोडीदाराबरोबर निघा. थंडी वाजायला लागल्यावर कपडे घालण्यात अर्थ नसतो, तोवर बोटं जॅकेटची चेन ओढण्याइतकीही चालत नाहीत. छातीवर जर्सीच्या आत वर्तमानपत्राची घडी ठेवणं ही जुनी युक्ती अजूनही कामाची आहे.

गारठलेली बोटं ब्रेक नीट दाबू शकत नाहीत. लांब उतारावर दर दहा मिनिटांनी रस्त्याबाहेर थांबून बोटं काखेत गरम करा. रिम ब्रेक असतील तर तेवढ्यात रिमही निवते.

शरीराचं आतलं तापमान 35 अंशांखाली गेलं की हायपोथर्मिया सुरू होतो. आवरता न येणारी थरथर, जीभ अडखळणं, हातातून वस्तू पडणं, विनाकारण चिडणं, ‘मी ठीक आहे’ हे वाक्य पुन्हा पुन्हा म्हणणं, या त्याच्या खुणा. स्वतःला त्या कळत नाहीत, जोडीदाराला कळतात. त्या माणसाला वाऱ्यातून हलवा, ओले कपडे काढा, कोरडे घाला, खाली काहीतरी अंथरून जमिनीपासून वेगळं ठेवा, डोकं झाका. पूर्ण शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर गरम गोड पेय द्या. दारू देऊ नका, हातपाय चोळू नका. ऊब छातीला आणि पोटाला द्या. थरथर थांबली पण माणूस सुस्त झाला, तर तो सुधारलेला नाही, बिघडला आहे. त्याला आडवं ठेवा, हलक्या हाताने हलवा आणि तातडीची वैद्यकीय मदत बोलवा. तुकडीमागे दोन चमकी आपत्कालीन ब्लँकेट आणि एक हलकी ताडपत्री एवढं वजन कायम वाहावं.

बर्फाबद्दल थोडकंच. पुलांवर आणि सावलीतल्या वळणांवर दिसत नसलेल्या बर्फाची काच असते. तिथे पेडल, ब्रेक आणि हँडल तिन्ही स्थिर ठेवून सरळ निघून जा. खिळ्यांचे टायर नसतील तर पायी चाला.

ऊन

उन्हाचं उत्तर घड्याळात आहे. उजाडायच्या आधी निघा, अकराच्या सुमारास सावलीत थांबा, चारनंतर उरलेलं करा. शरीराला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात, म्हणून थंड भागातून आलेल्यांचे पहिले चार-पाच दिवसांचे टप्पे छोटे ठेवा. भेटायची जागा सावलीतच असली पाहिजे. दोन किमी पुढे झाड असेल तर दोन किमी पुढे.

पाणी तासाला साधारण 500 ते 750 मिली, फार घाम येणाऱ्यांना त्याहून थोडं जास्त. नुसतं पाणी ढोसत राहणंही धोक्याचं असतं. रक्तातलं सोडियम पातळ होतं. बोटं सुजतात, डोकं दुखतं, उलटी होते आणि माणूस गोंधळतो. लोकांना हे पाणी कमी पडल्यासारखं वाटतं आणि ते आणखी पाणी पाजतात. म्हणून अर्ध्या बाटल्यांत ओआरएस किंवा मीठ असलेलं पेय ठेवा, सोबत खारट खाणं ठेवा, आणि तहान लागेल तसं प्या.

चक्कर, मळमळ, भरपूर घाम, पण भान शाबूत, म्हणजे उन्हाची थकावट. सावली, पाणी, पाय वर, आणि त्या दिवशी पुन्हा सायकल नाही. बोलणं असंबद्ध झालं, तोल गेला किंवा शुद्ध हरपली तर तो उष्माघात धरा, घाम येत असला तरीही. इथे आधी थंड करायचं, मग हलवायचं. रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत जमेल तेवढ्या गार पाण्यात अंग बुडवा. ते शक्य नसेल तर सगळ्यांच्या बाटल्या अंगावर ओतून जोरात वारा घाला. मान, काख आणि जांघेत बर्फ असेल तर ठेवा.

विजा, धुकं, धूळ

वीज दिसल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजा, तीन सेकंद म्हणजे साधारण एक किमी. 30 च्या आत आले की पक्क्या इमारतीत किंवा धातूच्या छपराच्या बंद गाडीत जा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं तिथून हलू नका. टायर रबरी आहेत म्हणून काही वाचत नाही. एकटं झाड, उघडा शेड, डोंगराची धार, पाण्याची कड यांपासून दूर. आसरा नसेल तर उंचवट्यावरून उतरा, सायकली टाका आणि घोळका मोडून एकमेकांपासून निदान 15 मीटर लांब व्हा, म्हणजे एकाला लागली तर बाकीचे मदतीला उरतील. वीज लागलेल्याच्या अंगात करंट राहत नाही. श्वास किंवा नाडी नसेल तर लगेच छातीवर दाब देणं सुरू करा.

धुक्यात घोट्यांना परावर्तक पट्ट्या बांधा, वरखाली हलणारी चमक चालकाला लवकर दिसते. धुळीचं वादळ येताना दिसलं तर रस्त्यापासून लांब जा, वाऱ्याकडे पाठ करून बसा, तोंडावर ओलं फडकं.

मुक्कामाला पोचल्यावर

आधी माणसं कोरडी करा, मग सायकली, आणि दोन्ही झाल्याशिवाय आडवं व्हायचं नाही. ओल्या चड्डीत बसून गप्पा मारणाऱ्याला दुसऱ्या दिवशी बैठकीला फोड येतो. पायाची बोटं पुसून उघडी ठेवा. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभराने ते बदला. सायकलवर स्वच्छ पाणी ओता, पण दाबाचा फवारा बेअरिंगवर नको. चेन कापडाने पुसा, प्रत्येक कडीच्या रोलरवर पावसाळी तेलाचा एक थेंब द्या, पेडल फिरवा आणि बाहेरचं तेल पुसून टाका. रिम ब्रेकच्या पॅडमध्ये रुतलेले धातूचे कण टोकदार वस्तूने काढा, नाहीतर ते रिम खरवडतात. फ्रेममध्ये पाणी खळखळत असेल तर सीटपोस्टवर (सीटखालच्या दांड्यावर) उंचीची खूण करून तो काढा आणि सायकल उलटी धरा. जेवणाआधी शेवटच्या माणसाने सगळ्यांचे पॅड, टायर आणि दिव्यांचं चार्जिंग बघावं, आणि उद्याचा तासागणिक अंदाज वाचून दाखवावा.